सातवीचा पेपर आणि मूठभर दाळ

गेल्या वर्षी आम्ही आमच्या रेवाला, म्हणजे माझ्या नातीला, लातुरातल्या एका मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. पोरगी चलाख, पण एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ. बाईंनी सुनेच्या हातात एक छापील फॉर्म दिला. सूनबाई चष्मा घरी विसरली होती, म्हणून प्रश्न मी मोठ्यानं वाचायचा आणि तिनं खूण करायची असं ठरलं. हातातलं काम अर्धवट सोडते का? वस्तू हरवते का? बसायला सांगितलं तरी उठते का? समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत उत्तर देते का? हा चौथा प्रश्न पुरा वाचायच्या आतच मी "हो हो, नेहमी" म्हणून मोकळी झाले. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली आणि विचारलं, "आजी, हे रेवाचं सांगताय की तुमचं?" मग त्यांनी पुढचं विचारलं, घरात आणखी कुणाचं लहानपण असं गेलंय का. सुनेनं माझ्याकडे जे पाहिलं, त्यात लग्नापासूनचा सगळा हिशोब होता. चहा ठेवून अंगणात जाणारी सासू, गॅस चालू ठेवून भिशीला जाणारी सासू. बिचारीला एवढ्या वर्षांनी साक्षीदार मिळाला.

या सगळ्याला आता एडीएचडी असं नाव आहे. लक्ष टिकत नाही, अंगाची चुळबुळ थांबत नाही, आणि त्यात लेकराचा दोष नसतो, मेंदूची घडणच तशी असते, असं बाईंनी नीट समजावून सांगितलं. आमच्या वेळीही याला नाव होतं. 'वांड कार्टी' म्हणायचे. त्या वांड कार्टीचं बारावं वर्ष कसं गेलं ते सांगते.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, लातूरच्या मार्केट यार्डाच्या अलीकडे छोटी दाळमिल होती आणि मिलच्या मागेच घर. दिवसभर मिलची घरघर चालायची. तिच्यामुळे फळीवरची पितळी भांडी सारखी थरथरत असायची आणि आम्ही सगळे घरातल्या घरात ओरडूनच बोलायचो. मिल बंद असली की कुणाला काय बोलावं सुचायचं नाही. तुरीची पिवळी धूळ सगळीकडे असायची, गाद्यांवर, अण्णांच्या भुवयांवर, ताकावर. आम्ही लिंगायत. सकाळी आंघोळ झाली की कपाळाला भस्माचे पट्टे ओढून आम्ही सगळे ओळीनं लिंगपूजेला बसायचो. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचं आणि डोळा न हलवता त्याच्याकडे बघत राहायचं. एकाग्रतेसाठी याहून चांगली रीत नाही, असं सगळे सांगतात. मला तीन श्वास जमायचं. चौथ्या श्वासाला अव्वाचा, म्हणजे आईचा, आवाज यायचा.

"शकू, लिंगाकडं बघ."

"बघूनच ऱ्हायले की."

"मग बोलली कशाला?"

"अव्वा, मुंगळा तुझ्या लुगड्यात चालला."

अव्वा किंचाळून उठायची, अण्णांचा डोळा हलायचा, आणि सगळ्यांची पूजा माझ्यामुळे मोडायची. मुंगळा खराच असायचा, हे कुणी विचारात घेत नसे.

मला अण्णांना जेवायला बोलवायला म्हणून मिलवर पाठवलं, तर रस्त्यापलीकडे कुणीतरी बैलाला नाल मारताना दिसायचं. मी दोन तासांनी घरी परत यायची, तोवर अण्णा जेवून झोपून उठून पुन्हा मिलवर गेलेले असायचे. दुधाजवळ बसवलं तर दूध चुलीत आणि मी छपरावर. चपला तर मी इतक्या हरवल्या, की घरात फक्त डाव्या पायाच्याच उरल्या होत्या. शाळेत मला बाकावर उभं करायचे. ती शिक्षा आहे हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं, कारण बाकावरून कुंपणापलीकडची एसटी दिसायची. मुरुडची गाडी लागली की मी वर्गाला सांगायची, आणि वर्गालाही त्याची सवय झाली होती.

औषधं ज्याच्या त्याच्या मनासारखी. अव्वाला वाटायचं दृष्ट लागलीय. ती मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची आणि ठसका नाही आला तर दृष्ट खरी, असं म्हणायची. एकदा ठसका किती येतो ते बघावं म्हणून मी गुपचूप आणखी ओंजळभर मिरच्या टाकल्या. सगळं घर खोकत रस्त्यावर आलं, शेजारचंही. शेजारीणबाईंच्या मते पोटात जंत होते, त्यामुळे एरंडेल. अण्णांचं औषध तळहातातच होतं, ते तिथल्या तिथे मिळायचं.

हे सांगताना आता मला हसू येतं, पण एक गोष्ट रेवाला सांगितली तीच इथेही लिहून ठेवते. मी रोज सकाळी उठताना ठरवायची, की आज शहाण्यासारखं वागायचं. अगदी मनापासून ठरवायची. आणि दुपारपर्यंत सगळं सांडलेलं असायचं. आपण वाईट आहोत, असं मला वाटायचं. बाकीच्या मुलींना देवानं जे दिलं, ते वाटताना मी नक्की कुठेतरी मुंगळा बघत उभी असणार, अशी माझी समजूत होती. रेवा हे ऐकून माझ्या मांडीवर डोकं ठेवून खूप वेळ पडून राहिली. तिच्या मानानं खूप वेळ, म्हणजे अर्धं मिनिट.

तर सातवी. तेव्हा सातवीला बोर्डाची परीक्षा असायची. सहामाहीत मी गायन सोडून सगळ्या विषयांत नापास झाले. अण्णांनी प्रगतिपुस्तक पाहिलं, उलटं करून पाहिलं, आणि घरघरीच्या वर आवाज काढून सांगितलं, "सातवी नापास झालीस की शाळा बंद. उदगीरच्या पाहुण्यांचा निरोप आलाय. पोराचं भुसाराचं दुकान हाय. घरात दोन वर्षं काम शिक, मग उरकून टाकू."

मी रडले असेन असं तुम्हाला वाटत असेल. छे! मला आनंद झाला. लग्न म्हणजे हुग्गी, गव्हाची गूळ घालून केलेली दाट खीर, आणि वर गणित बंद. मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगून टाकलं आणि सात जणींना करवली करायचं कबूलही केलं. एवढी अक्कल होती मला.

डोळे उघडले ते मुरुडला, मामेबहिणीच्या लग्नात. आमच्यात लग्नाला सुरगी घालतात. चार कोपऱ्यांत चार तांबे मांडायचे, त्यांच्याभोवती दोऱ्याचे वेढे द्यायचे, आणि आत नवरा-नवरीला बसवायचं. धक्का लागला तर तांबे कलंडणार. माझी काशीअक्का, जी माझ्याबरोबर चिंचेवर चढायची, ती मान खाली घालून त्या दोऱ्यांच्या आत बसली होती. एक माशी आली आणि तिच्या नाकावर बसली. काशीअक्का हलली नाही. माशी नाकावरून ओठावर गेली, पुन्हा नाकावर आली. काशीअक्का तशीच. इकडे माझंच नाक इतकं खाजायला लागलं की मी दोन्ही हातांनी चोळत होते.

"अव्वा, ती माशी हाकलत का न्हाई?"

"नवरीनं हालू न्हाई, बाई."

"मग उद्या हालायचं?"

"सासरी कसलं हालायचं? पहिलं वर्षभर खाली मान घालून बसायचं, मोठ्यांसमोर उठायचं न्हाई, बोलायचं न्हाई."

वर्षभर! मी हुग्गीचे दोन वाडगे खाल्ले. तरी ते वर्ष डोक्यातून गेलं नाही. स्त्रीशिक्षणाचं महत्त्व मला त्या माशीनं पटवलं. परतीच्या एसटीत मी अव्वाला सांगितलं, मी सातवी पास होणार. अव्वानं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

पण ठरवून काय होतं? पुस्तक उघडलं की ओळी समोर असायच्या आणि मी दुसरीकडे. 'वनस्पती आपले अन्न' इथपर्यंत मी चाळीस वेळा तरी पोचले असेन. वनस्पती त्या अन्नाचं पुढे काय करतात ते मला कधीच कळलं नाही. एके दिवशी दुपारी मी मिलच्या ओसरीवर पुस्तक मांडीवर घेऊन चक्क भोकाड पसरलं. ओसरीवर दाळ निवडणाऱ्या बायका बसायच्या. गिरणीतून निघालेल्या दाळीत न फुटलेले गोल दाणे राहतात, त्यांना गोटा म्हणतात. तो गोटा, खडे आणि चुरा वेगळा काढायचा, हे त्यांचं काम. त्यांची म्होरकी जैनबचाची. तिच्यापुढे अण्णासुद्धा आवाज खाली ठेवायचे.

"क्या गे शकू, रोती कायकू?"

"धडा डोक्यात जाईना चाची. मला उदगीरला देऊन टाकतेत."

"रो माय, रो. पर हात चलाके रो. ये सूप पकड."

मी रडत रडत दाळ निवडायला लागले. तिथेच माझी गंगाआत्या बसलेली असायची. अण्णांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. तिला पोथी वाचायचा नाद होता. माझं रडणं बघवेना म्हणून तिनं पुस्तक उचललं आणि वनस्पतींचा धडा वाचायला लागली. पण तिला वाचायची एकच चाल येत होती, पोथीची. हेल काढून, ओळीच्या शेवटी सूर लांबवून. "वनस्पतीऽऽ आपुले अन्नऽऽ सूर्यप्रकाशात तयार करितीऽऽ."

दुसऱ्या दिवशी जेवताना मी भाकरी कुस्करता कुस्करता अख्खा धडा म्हणून दाखवला. सुरासकट. आत्याच्या हातातला घास हातातच राहिला.

आत्या शाळेत तीनच वर्षं गेली होती, पण तिनं जे केलं ते ऐकून डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा सांगायला लावलं. तिनं परीक्षा घेतली. एक धडा मला हात जोडून गप्प बसवून वाचून दाखवला, काहीच राहिलं नाही. दुसरा धडा दाळ निवडताना वाचला, सगळा राहिला. तिसरा पुन्हा हात रिकामे ठेवून. पुन्हा भोपळा. मग ती चाचीला म्हणाली, "हिच्या हाताला काम दिलं की डोकं जाग्यावर येतंय." चाची म्हणाली, "हमारी सबकी वैसीच हालत है बाई, हमकू किसीने पूछा नहीं."

हे मी भिशीत सांगितलं, तर बायकांनी विचारलं, तुरीची घ्यायची की मुगाची? अहो, दाळ म्हणजे औषध नव्हे. रेवाला खरं औषध चालू आहे, तिच्या शाळेतल्या बाईंना सगळं समजावलंय, आणि हातात दाबायला एक रबरी चेंडू दिलाय, तो तिनं आतापर्यंत चार वेळा हरवलाय. मला मात्र त्या वेळी मिळालं ते एवढंच.

मग काय, रोज दुपारी ओसरीवर सातवीचा वर्ग भरायला लागला. गंगाआत्या वाचायची, दहा-बारा सुपं हलायची, आणि बायका मधे मधे बोलायच्या. झाडं उन्हात अन्न करतात म्हटल्यावर रुक्मीण नावाची एक होती, ती म्हणाली, "बरं हाय बाई त्यांचं, फुकायला चूल न्हाई." पानिपतावर फौजेची उपासमार झाली हे ऐकून जैनबचाचीनं सूप खाली आपटलं. "इत्ती बडी फौज लेके गए, और दाळ नहीं ले गए? कौन था मुनीम?" चार दिवस ती त्या मुनिमाचा उद्धार करत होती. मार्च उजाडेपर्यंत अशी वेळ आली, की एखाद्या जिल्ह्याचं मुख्य पीक मला आठवलं नाही, तर अख्खी ओसरी माझ्यावर ओरडायची.

परीक्षेला दाळ कशी न्यायची, हा प्रश्न मी स्वतःच सोडवला, आणि कुणालाही न विचारता सोडवला, म्हणूनच घोटाळा झाला. मी न निवडलेली दाळ परकराच्या एका खिशात भरली. बाकावर बसल्यावर ती ओच्यात ओतायची, उजव्या हातानं पेपर लिहायचा, डाव्या हातानं दाळ चाचपायची, गोटा आणि चुरा ओच्यातच राहू द्यायचा आणि साफ दाळ दुसऱ्या खिशात टाकायची. धडा आठवायला तो ओठातल्या ओठात म्हणावा लागायचा, सुरात. पहिले दोन पेपर मजेत गेले. तिसरा विज्ञानाचा.

त्या दिवशी वर्गावर नांदेडहून आलेले एक गुरुजी होते. बारीक अंगाचे, कडक इस्त्रीचे. ते येरझाऱ्या घालत माझ्याजवळ आले आणि थबकले. मुलगी पुटपुटतेय, डोळे अर्धे मिटलेत, आणि बाकाखाली हातात दाणे फिरतायत. मंतरलेले दाणे कुणाच्या दारात टाकले तर काय काय होतं, याच्या गोष्टी तेव्हा घरोघरी होत्या. गुरुजींनी त्या सगळ्याच ऐकलेल्या असाव्यात. ते दोन पावलं मागं सरले.

"ए... ए पोरी, काय करून ऱ्हायली तू? उठ!"

मी दचकून उठले. ओच्यातला गोटा, चुरा, खडे सगळं फरशीवर घरंगळलं, आणि एक दाणा गुरुजींच्या बुटावर जाऊन थांबला. गुरुजी खुर्चीवर चढले नाहीत, पण खुर्चीच्या मागे गेले. "मोठ्या बाईंना बोलवा! हिनं काहीतरी करणी आणलीय!"

मला मोठ्या बाईंच्या खोलीत नेलं. त्या आमच्या मुख्याध्यापिका, आवाज मऊ आणि भुवई कडक. त्यांनी माझा साफ दाळीचा खिसा एका कागदावर रिकामा करायला लावला आणि अण्णांना बोलावणं धाडलं. तिकडे वर्गात पेपर चालला होता आणि माझी उत्तरपत्रिका गुरुजींच्या काखेत होती. गुरुजी म्हणत होते, परीक्षेतून काढून टाका. मला डोळ्यांसमोर चार तांबे दिसत होते, दोरा दिसत होता, आणि माशी.

अण्णा आले ते मिलवरून तसेच, पिवळ्या भुवयांनी. गुरुजींनी सगळं सांगितलं. अण्णांचा हात उगारायच्या बेतात आहे हे मी ओळखलं आणि कान झाकून घेतले. पण त्यांची नजर टेबलावरच्या कागदाकडे गेली. दाळ समोर असली की अण्णांना दुसरं दिसत नसे. त्यांनी चिमूट उचलली, तळहातावर पसरली, खिडकीशी नेली, बोटानं फिरवली. पुन्हा दुसरी चिमूट घेतली.

"ही कुणी निवडली?"

"मी."

"कवा?"

"आत्ता. पेपर लिहिता लिहिता. बाकाखाली."

"न बघता?"

"बघायला डोळे कुठं मोकळे होते, अण्णा? पेपर लिहीत होते की."

अण्णांनी सगळी दाळ पुन्हा एकदा चाळली. "बाई," ते म्हणाले, "यात एक गोटा न्हाई. माझ्या बाया उजेडात बसून निवडतेत, तरी शेरात चार घावतेत. ही करणी न्हाई. लेकरू कामात व्हतं."

मोठ्या बाईंनी मला विचारलं, वनस्पती अन्न कसं तयार करतात. मी हात मागे बांधून उभी राहिले. "वनस्पती आपले अन्न... बाई, तुमच्या घड्याळात अकराच वाजलेत." अण्णांनी पुढे होऊन मूठभर दाळ माझ्या हातात दिली. मी ती चाचपायला लागले, आणि गंगाआत्याचा सूर गळ्यातून आपोआप निघाला. पानं, हरितद्रव्य, सूर्यप्रकाश, सगळं. शेवटी "बरं हाय बाई त्यांचं, फुकायला चूल न्हाईऽऽ" हेसुद्धा त्याच सुरात, कारण माझ्या डोक्यात ते धड्यातलंच होतं. मोठ्या बाईंनी पदर तोंडाला लावला. मग कपाटातून परीक्षेच्या नियमांचं पुस्तक काढून वाचलं. वह्या, चिठ्ठ्या, पुस्तकं वर्गात नेण्यास मनाई. दाळीबद्दल काहीच नव्हतं. त्यांनी शिपायाकडून एक वाटी मागवली आणि सांगितलं, "वाटी बाकावर ठेवायची, सगळ्यांना दिसेल अशी. आणि गायचं नाही." गुरुजींनी उरलेला वेळ दाराशी उभं राहून काढला. माझा मात्र पाऊण तास गेला होता. शेवटचे तीन प्रश्न कोरेच राहिले.

निकाल महिन्यानं लागला. मी पास झाले, गणितात अगदी काठावर, आणि विज्ञानात त्या तीन प्रश्नांची आठवण येईल एवढेच गुण. पण ते नंतरचं. परीक्षा संपली त्याच आठवड्यात उदगीरचे पाहुणे ओसरीवर येऊन बसले. मुलाचे काका, पांढरं धोतर, बरोबर पेढ्यांचा पुडा. अव्वानं चहा दिला. मी दाराआड. काका म्हणाले, बोलणी करून टाकू, म्हणजे दोन वर्षांनी उरकून मोकळे.

अण्णांनी बशीतला चहा संपवला. "पाहुणं, पोरगी आठवीला गेली. आता कसली बोलणी?"

आतून गंगाआत्या ओरडली, घरघरीच्या वर, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अरं बाबा, निकाल लागायचाय की अजून! काहीबी काय सांगतूस?"

"लागू दे की," अण्णा म्हणाले. "म्या दाळ बघितली."